जपानमधली भाषाशाळा निवडताना: आधी काय, नंतर काय

दर वर्षी जानेवारीच्या शेवटी डिसेंबरच्या जेएलपीटीचा, म्हणजे जपानी भाषेच्या पातळी-परीक्षेचा (एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड), निकाल लागतो आणि माझा फोन वाजायला लागतो. "सेन्सेई, एन५ झाली! आता एप्रिलला जायचंय. टोकियोतली एखादी चांगली शाळा सांगा ना." मुलगा आनंदात असतो, म्हणून सांगताना वाईट वाटतं. एप्रिलचे अर्ज शाळांनी नोव्हेंबरातच इमिग्रेशनकडे नेऊन दिलेले असतात. तो एप्रिल गेला.

तारखांचा हा घोळ दरसालचा आहे, पण मूळ घोळ क्रमाचा आहे. बहुतेक जण आधी शहर ठरवतात, मग एजंट गाठतात, मग फी विचारतात, आणि शाळेचं नाव सगळ्यात शेवटी एजंटच्या तोंडून ऐकतात. हा क्रम पूर्ण उलटा करायला हवा. जपानमध्ये तुमच्यासाठी इमिग्रेशनकडे अर्ज शाळा करते. तुमची हजेरी शाळा ठेवते आणि कमी पडली तर तीच कळवते. व्हिसा वाढवायचा तर हजेरीचा दाखला तिचाच लागतो. आवडली नाही म्हणून सहा महिन्यांनी दुसऱ्या शाळेत जाऊ, हे पुण्यातल्या क्लासला चालतं, तिथे फार अवघड जातं. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा.

## पायरी १: तुम्हाला भाषाशाळा लागते का, ते ठरवा

हा प्रश्न कोणी विचारत नाही, एजंट तर नाहीच नाही.

पदवी आहे आणि ऑफिसातली नोकरी हवी आहे. जपानमध्ये अशा नोकरीचा जो व्हिसा असतो त्याला बोलीभाषेत 'गिजिन्कोकु' म्हणतात. त्याला पदवी लागते, किंवा जपानमधल्या सेन्मोन गाक्कोचा, म्हणजे तिथल्या व्यवसाय-शिक्षणाच्या कॉलेजचा डिप्लोमा. तुमची बीई, बीकॉम, बीएस्सी इथे कामाला येते. भाषाशाळेतून निदान एन२ पर्यंत पोचायचं आणि तिथूनच नोकरी शोधायची, हा तुमचा रस्ता. त्यामुळे नोकरीसाठी वेगळा वर्ग किंवा मदत असलेली शाळा हवी.

बारावी झाली आहे. भाषाशाळेच्या प्रमाणपत्रावर हा व्हिसा मिळत नाही, ही गोष्ट घरच्यांनाही नीट समजावून सांगा. भाषाशाळा दीड-दोन वर्षं, त्यानंतर सेन्मोन गाक्को दोन वर्षं किंवा विद्यापीठ चार वर्षं. खर्चाचा हिशोब या सगळ्या वर्षांचा करायचा. भाषाशाळेपुरता हिशोब करून गेलेली मुलं दुसऱ्या वर्षी अडकतात.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे. तो पदवीच्या जागी धरतील असं गृहीत धरू नका. तुमचा रस्ताही बहुधा सेन्मोन गाक्कोतूनच जातो.

केअरगिव्हर, हॉटेल, शेती, कारखाना अशा कामांसाठी जायचं आहे. त्यासाठी 'तोकुतेई गिनो' हा वेगळा व्हिसा आहे आणि भारत-जपान यांच्यात त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला आहे. जेएलपीटी एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा आणि कामाची कौशल्य परीक्षा एवढं त्याला लागतं, केअरगिव्हरला त्याशिवाय त्या कामाच्या जपानीची परीक्षा. भाषाशाळेवर चार-पाच लाख घालवायची गरज नाही. केअरगिव्हर व्हायचंय म्हणून आलेल्या मुलीला भाषाशाळेचा फॉर्म भरायला लावणारे लोक आहेत, एवढंच सांगतो.

> तपासून पाहा: "मी भाषाशाळेत ___ पर्यंत शिकून ___ करणार आहे" हे वाक्य रिकाम्या जागा भरून वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर पुढची पायरी वाचू नका. हेच वाक्य पुढे अर्जातल्या उद्देशपत्रात आणि मुलाखतीत लागणार आहे.

## पायरी २: तारखा उलट्या मोजा

भाषाशाळेत प्रवेश वर्षातून चार वेळा असतात, पण बहुतेक अभ्यासक्रम मार्चमध्येच संपतात, कारण जपानमधली कॉलेजं एप्रिलमध्ये सुरू होतात. त्यामुळे महिना बदलला की शिकायला मिळणारा काळ बदलतो:

- एप्रिल: २ वर्षं
- जुलै: १ वर्ष ९ महिने
- ऑक्टोबर: १ वर्ष ६ महिने
- जानेवारी: १ वर्ष ३ महिने

सगळ्या शाळा चारही वेळा प्रवेश देत नाहीत. एप्रिल आणि ऑक्टोबर जवळपास सगळीकडे असतात.

आता मागे मोजत या. एप्रिलला जायचं तर शाळा नोव्हेंबरच्या सुमारास इमिग्रेशनकडे कागद देते, म्हणजे शाळेला ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवेत. सीओई, म्हणजे जपानमध्ये राहण्यासाठीचं पात्रता प्रमाणपत्र, फेब्रुवारीच्या शेवटाकडे येतं. ऑक्टोबरला जायचं तर इमिग्रेशनकडे अर्ज जूनच्या सुमारास जातो, शाळेची मुदत मार्च ते मे यांच्या दरम्यान असते, आणि सीओई ऑगस्टच्या अखेरीस मिळतं. चांगल्या शाळांच्या जागा मुदतीच्या आधीच भरतात, तेव्हा शेवटच्या तारखेवर विसंबू नका.

जेएलपीटी जुलैच्या आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. केंद्र पुण्यातही आहे, मुंबईतही. जुलैचा निकाल ऑगस्टच्या अखेरीस लागतो, डिसेंबरचा जानेवारीच्या अखेरीस. म्हणजे एप्रिलसाठी आदल्या जुलैची परीक्षा, ऑक्टोबरसाठी आदल्या डिसेंबरची. एवढं जरी लक्षात ठेवलं तरी माझे निम्मे फोन कमी होतील.

परीक्षेबरोबर १५० तास जपानी शिकल्याचा दाखलाही बहुतेक शाळा मागतात. क्लासच्या लेटरहेडवर, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती तास, एकूण किती, असा तो हवा. बेरीज जुळते का ते स्वतः करून पाहा. दोन महिन्यांत १५० तास दाखवणाऱ्या क्लासचा दाखला उलटतपासणीत टिकत नाही.

माझं मत विचाराल तर एन५ वरून निघून विद्यापीठ गाठायचं असेल तर एप्रिलच घ्या. विद्यापीठांसाठीची ईजेयू परीक्षा जूनमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये असते. ऑक्टोबरला पोचलेल्या मुलाला पहिली कामाची ईजेयू जेमतेम आठ महिन्यांनी येते, आणि कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, शून्यापासून शिकणाऱ्याला आठ महिने पुरत नाहीत. पदवीधर, एन४ झालेला, नोकरी शोधणारा असेल तर ऑक्टोबर चालतो.

## पायरी ३: आधी मान्यता, मग बाकीचं

इथे नियम नुकतेच बदललेत आणि जुनी माहिती अजून फिरते आहे.

आतापर्यंत इमिग्रेशनच्या 'कोकुजी' यादीत नाव असलं की शाळा विद्यार्थी व्हिसावर परदेशी मुलं घेऊ शकायची. १ एप्रिल २०२४ पासून नवा कायदा लागू झाला. आता शाळेला जपानच्या शिक्षण मंत्रालयाची मान्यता, म्हणजे 'निन्तेई', घ्यावी लागते आणि शिकवणाऱ्यांसाठी नोंदणीकृत शिक्षक ही नवी राष्ट्रीय पात्रता आली आहे. जुन्या शाळांना मार्च २०२९ अखेरपर्यंत मुदत आहे. पहिल्या फेरीत ७२ संस्थांनी अर्ज केले होते आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली फक्त २२ संस्थांना. तेव्हा ही मान्यता म्हणजे नुसता शिक्का नाही.

याचा अर्थ कोकुजीवाली शाळा वाईट असा नाही. पुष्कळ चांगल्या शाळा अजून रांगेत आहेत. पण तीन गोष्टी बघा:

१. मंत्रालयाच्या पोर्टलवर शाळेचं नाव आहे का? असेल तर कोणत्या गटात? निन्तेई तीन गटांत मिळते: शिक्षण, रोजगार आणि दैनंदिन जीवन. तुम्हाला शिक्षणाचा, म्हणजे 'र्‍युगाकु' गटच हवा.
२. नसेल तर शाळेने अर्ज केला आहे का, कधी? हे सरळ विचारा. "तयारी चालू आहे" एवढंच उत्तर आलं तर यादीत ती शाळा खाली टाका.
३. तुमचा अभ्यासक्रम कधी संपतो? मार्च २०२९ च्या जवळ जात असेल तर हा मुद्दा सगळ्यात वर.

दुसरी तपासणी 'तेकिसेइको'ची. व्हिसा संपूनही राहिलेले, पळून गेलेले वगैरे विद्यार्थी ज्या शाळेत ५ टक्क्यांच्या आत असतात तिला इमिग्रेशन दर वर्षी योग्य शाळा ठरवतं. नसलेल्या शाळेच्या अर्जांची छाननी कडक होते, कागद जास्त मागतात. शाळा तेकिसेइको असेल तर ती ते अभिमानाने छापते. छापलेलं नसेल तर विचारा.

> सावधान: "सीओईची शंभर टक्के गॅरंटी" असं लिहिणारा एजंट खोटं बोलतोय. सीओई देणं न देणं इमिग्रेशनच्या हातात आहे, शाळेच्याही नाही.

## पायरी ४: वर्गात कोण बसतं, ते वाचा

मी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला लावतो.

जपानी भाषाशाळा संघटनेच्या, म्हणजे निश्शिन्क्योच्या संकेतस्थळावर तिच्या सदस्य शाळांची पानं आहेत. विद्यार्थी किती, कोणत्या देशांचे किती, जेएलपीटीला किती बसले, किती पास झाले, पुढे कुठे गेले, फी किती, असं सगळं त्यात असतं. फोटो, चेरीची झाडं, किमोनोतल्या हसऱ्या मुली असलेलं माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि हे पान उघडा.

समजा पानावर असं दिसलं: विद्यार्थी २००, चीन १३०, तैवान २०, नेपाळ ३०, व्हिएतनाम १५, बाकी ५. एन१ पास ४०, एन२ पास ६०. आकडे बघून हुरळून जाल. पण चिनी आणि तैवानी मुलांना कांजी लहानपणापासून येते. ती दिसल्याबरोबर अर्थ लावतात, तिथे आपण एकेक रेघ मोजत बसतो. ते ४० आणि ६० बहुतेक त्यांचेच असणार. अशा शाळेत वर्गाचा वेगही त्यांच्या चालीने ठरतो. म्हणून विचारायचा प्रश्न हा: "कांजी न येणाऱ्या देशांतल्या मुलांपैकी गेल्या वर्षी एन२ किती जणांनी काढली, आणि ती शाळेत येताना कोणत्या पातळीवर होती?" या प्रश्नाला ज्या शाळेकडून आकड्यात उत्तर येतं ती शाळा आपल्या मुलांकडे बघते.

आता उलट बाजू. समजा दुसऱ्या शाळेत १५० पैकी १२० मुलं नेपाळची आहेत. वेग तुमच्यासारखाच असेल, शिक्षक कांजी सावकाश शिकवतील. पण नेपाळी मुलांना हिंदी येतं आणि तुम्हालाही येतं. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत कोणीतरी विचारतं, "भाई, कहाँ से?" आणि तिथून पुढे दीड वर्षं सगळं हिंदीत चालतं. माझा एक विद्यार्थी असा १८ महिन्यांनी परतला. जपानी वाचायला एन३ पर्यंत आलेलं, बोलायला मात्र दुकानातली सहा वाक्यं. हिंदी मात्र पूर्वीपेक्षा फर्डं झालेलं.

माझा अंदाज असा की कुठल्याही एका देशाची मुलं निम्म्याहून जास्त नसलेली शाळा बरी. हा नियम नाही, अनुभव आहे.

पुढचे आकडे:

वर्गातली मुलं. नियमाने एका वेळी २० पेक्षा जास्त मुलं बसवता येत नाहीत. २० आणि १२ यांत बोलायला मिळणाऱ्या पाळ्यांचा फरक पडतो. पटावर सरासरी किती, ते विचारा.

पातळ्या. ही चूक सगळ्यांत महाग पडते. लहान शाळेत तुमच्या प्रवेशाच्या वेळी दोनच वर्ग उघडतात: एकदम सुरुवातीचा आणि एन३चा. तुम्ही एन४ घेऊन गेलात तर बसवतात पहिल्या वर्गात, आणि तुम्ही पुन्हा तीन महिने "कोरे वा होन देस" (हे पुस्तक आहे) करता. "माझ्या महिन्यात किती पातळ्यांचे वर्ग सुरू होतील आणि तीन महिन्यांनी वर वर्ग बदलता येतो का?" हे लेखी विचारा.

वेळ. अभ्यासक्रम आठवड्याला साधारण २० तासिकांचा असतो, तासिका ४५ मिनिटांची. म्हणजे दिवसातले अर्धेच तास, सकाळी किंवा दुपारी. वेळ तुम्ही निवडत नाही, पातळीवरून शाळा ठरवते. पार्ट-टाइम कामाची वेळ त्यावर अवलंबून, हे ध्यानात ठेवा.

पुढे कुठे गेले. पुढचं शिक्षण, नोकरी किंवा भाषेची ए२ ही प्राथमिक पातळी गाठलेल्यांचं प्रमाण शाळांना जाहीर करावं लागतं. जुन्या नियमांत ते सलग तीन वर्षं ७० टक्क्यांच्या खाली गेलं तर शाळा यादीतून निघू शकते. पण टक्केवारीवर थांबू नका, कॉलेजांची नावं वाचा. निम्मी मुलं एकाच सेन्मोन गाक्कोत गेलेली दिसली तर ती त्याच मालकाची आहे का, ते शोधा. तसं असेल तर वाईटच असं नाही. पण तुम्हाला आयटी शिकायचंय आणि त्यांच्याकडे हॉटेल मॅनेजमेंट आहे, तर मार्गदर्शन कुठल्या दिशेने होणार ते उघड आहे.

> तपासून पाहा: नोकरीसाठी जाणाऱ्या पदवीधरांनी आणखी एक विचारावं. शाळा संपेपर्यंत नोकरी मिळाली नाही तर शोधत राहण्यासाठीचा व्हिसा काही अटींवर मिळतो, आणि त्यातल्या काही अटी विद्यार्थ्यावर नसून शाळेवर असतात. "तुमच्या शाळेतून तो मिळतो का? गेल्या वर्षी किती जणांना मिळाला?"

## पायरी ५: शहर आणि पैसे

शहराचा विचार आता करायचा, आधी नाही.

पहिल्या वर्षाची फी बहुतेक ठिकाणी ७ ते ९ लाख येनच्या घरात असते. त्यात निवड शुल्क २०-३० हजार, प्रवेश शुल्क साधारण ५० हजार, मग शिक्षण शुल्क, साहित्य, इमारत, विमा. येन ५५ ते ६० पैशांनी धरला तर चार ते साडेपाच लाख रुपये. काही शाळा शिक्षण शुल्क कमी दाखवून बाकीचं "इतर"मध्ये टाकतात, म्हणून एकूण बेरजेचीच तुलना करा.

आता बाइतो, म्हणजे पार्ट-टाइम काम. परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास. हे सगळ्या नोकऱ्यांचे मिळून २८, दर नोकरीचे नाहीत. शाळेच्या स्वतःच्या लांब सुट्टीत दिवसाला ८ तास. २०२५ च्या शरदात ठरलेलं किमान वेतन तासाला टोकियोत १,२२६ येन, ओसाकात १,१७७, फुकुओकात १,०५७ आणि ओकिनावात १,०२३ आहे. चार आठवड्यांचे ११२ तास पकडले तर टोकियोत १,३७,३१२ येन होतात, फुकुओकात १,१८,३८४. फरक १९ हजारांचा. फुकुओकात खोलीच तेवढ्याने स्वस्त मिळाली तर टोकियोचा फायदा तिथेच संपला.

आणि हे ११२ तास कागदावरचे आहेत. एन५ वाल्याला दुकानाच्या काउंटरवर कोणी उभं करत नाही. मिळतं ते बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, कारखान्यात रात्रपाळीचं, पट्ट्यावर सरकत येणाऱ्या डब्यात लोणच्याची एकेक फोड ठेवायचं. सकाळी सहाला सुटायचं, नऊला वर्ग. झोपलेल्याची हजेरी लागते, भाषा मात्र येत नाही. म्हणून पहिल्या तीन महिन्यांची कमाई शून्य धरून पैसे घेऊन जा, आणि बाइतोतून *फी* निघेल असं कोणी म्हणालं तर त्याला २८ तासांचा गुणाकार करायला लावा.

टोकियोत आपली माणसं निशी-कासाईला आहेत, भारतीय किराणा मिळतो, मराठी मंडळ आहे, म्हणून तिथेच राहायचा आग्रह असतो. शाळा ताकादानोबाबाला असेल तर दोन्ही स्थानकं तोझाई मार्गावर आहेत, एका गाडीत जाल. शाळा दुसऱ्या टोकाला असेल तर गाडीभाडं बघा. इथे एक कोपऱ्यातला प्रश्न: शाळेला 'गाकुवारी', म्हणजे विद्यार्थी सवलतीचा पास मिळतो का? कंपनीने चालवलेल्या बऱ्याच भाषाशाळांना तो मिळत नाही, शैक्षणिक संस्था म्हणून नोंदलेल्यांना मिळतो. दोन वर्षांच्या पासात बरीच रक्कम निघते.

शाळेचं वसतिगृह पहिले सहा महिने घ्या. बाहेर खोली घ्यायची म्हणजे जामीन कंपनी, अनामत आणि बहुधा घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी भेट रक्कम, आणि हे सगळं एन५ च्या जपानीत. पण वसतिगृहात किमान किती महिने राहायची सक्ती आहे, ते विचारून घ्या.

## पायरी ६: शाळेला स्वतः पत्र लिहा

आता यादीत तीन-चार शाळा उरल्या असतील. प्रत्येकीला स्वतः मेल करा, एजंट असला तरी. वर अवतरणचिन्हांत दिलेले प्रश्न त्यात घाला आणि शेवटी विचारा: "भारतातून थेट अर्ज घेता का?"

उत्तर किती दिवसांत आलं, प्रश्नांना आलं की नुसतं माहितीपत्रक जोडून आलं, यावरून शाळेचं ऑफिस कळतं. पुढची दोन वर्षं प्रत्येक कागदासाठी याच ऑफिसशी गाठ आहे.

एजंट घ्यायचाच असेल तर घ्या, कागद जमवायला मदत होते. फक्त बऱ्याच शाळा एजंटला कमिशन देतात, तेव्हा तो ज्या शाळेचं नाव घेतो त्यामागे काय आहे ते ओळखा. त्याची फी कशाची, सीओई नाकारलं तर किती परत, हे लेखी घ्या. मूळ गुणपत्रिका द्यावी लागली तर पोच घ्या.

> सावधान: मुलाखत ऑनलाइन होते आणि काही शाळा स्पॉन्सरशी, म्हणजे तुमचा खर्च उचलणाऱ्याशीही बोलतात. पाठ करून घेतलेली उत्तरं दोन प्रश्नांत उघडी पडतात. वडिलांना तुमच्या शाळेचं नाव आणि शहर तरी माहीत असू द्या.

## पायरी ७: कागद आणि स्पॉन्सर

आपल्याकडचे अर्ज बहुतेक इथे लटकतात, आणि कारणं अगदी आपल्या मातीतली असतात.

नाव. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी मधल्या नावात, कधी नाहीच. त्यात स्पेलिंगची तऱ्हा: एकीकडे दोन ए, दुसरीकडे एक. जपानी कारकुनाला ही दोन माणसं वाटतात. सगळे कागद एका टेबलावर मांडा, प्रत्येकावरचं नाव अक्षरशः जुळवा आणि फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आताच करून ठेवा. दाखला मराठीत असेल तर भाषांतर लागेल.

उत्पन्न. स्पॉन्सर वडील शेतकरी असतील तर सातबारा दाखवून भागत नाही. जमीन किती, याच्याशी त्यांना घेणं नाही. दर वर्षी किती पैसे येतात आणि त्यातून फी कशी भरणार, हे हवं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्र नसतं. मग तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, माल विकल्याच्या पावत्या, बँकेत जमा झालेल्या रकमा यांची माळ लावावी लागते. नोकरदार काका-मामा स्पॉन्सर झाले तर नात्याचा पुरावा आणि ते का खर्च करताहेत याचं कारण लागतं.

शिल्लक. शाळा साधारण २० लाख येनच्या आसपास शिल्लक दाखवायला सांगतात. सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे दाखल्याच्या आदल्या आठवड्यात चार नातेवाइकांकडून गोळा करून खात्यात भरणं. ही रक्कम कशी साठली, तेही दाखवावं लागतं. एका दिवसात ११ लाख आले तर प्रश्न येणारच. ज्या वर्षी जायचं त्याच्या आदल्या वर्षापासून त्या खात्यात पैसे राहू द्या. ठेव पतसंस्थेत असेल तर ती चालते का हे शाळेला आधी विचारा.

खंड. शिक्षण संपून पाच-सहा वर्षं झाली असतील तर त्या काळात काय केलं, महिन्यांसकट लिहा. रिकामी दोन वर्षं लपवण्यापेक्षा "घरच्या दुकानात होतो" हे खरं कारण चालतं.

> तपासून पाहा: उद्देशपत्र वाचून एखाद्या मित्राला सांगता आलं पाहिजे की ते तुमचंच आहे. "जपानची संस्कृती आणि तंत्रज्ञान मला लहानपणापासून आकर्षित करतं" या वाक्याने सुरू होणारं पत्र फाडा.

## पायरी ८: पैसे कधी भरायचे

क्रम असा: निवड शुल्क आणि अर्ज, शाळेची निवड, इमिग्रेशनकडे अर्ज, सीओईचा निकाल, शाळेचं बिल, फी, मग सीओई तुमच्या हातात, मग व्हिसा.

मोठी फी सीओई मंजूर झाल्यावर भरायची, त्याआधी नाही. निकालाआधी वर्षाची फी "जागा पक्की करायला" मागितली तर थांबा. रक्कम शाळेच्या बिलावर आहे त्याच नावाच्या जपानी खात्यात, तुमच्या किंवा स्पॉन्सरच्या बँकेतून पाठवा. एजंटच्या खात्यात नाही. आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत बाहेर पाठवताना टीसीएस, म्हणजे बँक वसूल करते तो आगाऊ कर, कापला जात नाही, त्यामुळे बँकेत कोणी घाबरवलं तर नियम विचारा.

सीओई नाकारलं तर निवड शुल्क गेलं. फी भरल्यावर व्हिसा नाकारला तर बहुतेक शाळा निवड आणि प्रवेश शुल्क सोडून बाकीचं परत करतात. शाळेचे परताव्याचे नियम बिल येण्याआधी वाचा.

मार्च २०२३ पासून सीओई ईमेलनेही मिळतं. निघाल्याच्या तारखेपासून ते तीन महिनेच चालतं, आणि त्या मुदतीत जपानमध्ये उतरायला हवं. आल्याबरोबर व्हिसाचा अर्ज करा, तिकीट नंतर.

## पायरी ९: उतरल्यावर

नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर झाइर्‍यू कार्ड, म्हणजे निवासपत्र, तिथेच मिळतं. बाइतोच्या परवानगीचा फॉर्मही तिथेच द्या. विमानात भरून ठेवला तर रांगेत घाई होत नाही. राहायची जागा ठरली की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा आणि राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घाला. त्यात दवाखान्याच्या बिलातला ७० टक्के भाग विमा उचलतो. वय २० च्या वर असेल तर त्याच खिडकीवर पेन्शनचा विषय निघेल. उत्पन्न नाही म्हणून सवलतीचा अर्ज करता येतो, पण तो तुम्ही केला तरच. पत्र आलं आणि कळलं नाही म्हणून कपाटात ठेवलं, असं करू नका.

पहिल्या आठवड्यात पातळी ठरवायची परीक्षा होते. प्रवासाच्या शिणात ती देऊन बरेच जण एक वर्ग खाली जातात आणि लाजून गप्प बसतात. वर्ग सोपा वाटला तर त्याच आठवड्यात ऑफिसात जा आणि पुन्हा परीक्षा घ्या म्हणा. दोन-तीन आठवडे गेले की वरचा वर्ग पुढे निघून जातो, आणि मग तीन महिन्यांनी नवं सत्र लागेपर्यंत तिथेच बसावं लागतं.